पाल्याचं त्यानं सांगितलंच नाही

माझा मामेभाऊ सोलापूरच्या पूर्व भागातला, तिकडं गल्लीगल्लीत लूमची खडखड. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, होता, तिथनं इथिओपियाच्या कापड मिलमध्ये गेला कारण पगार डबल. यंदा गड्ड्याच्या जत्रेला आला तर डोळे हळदीसारखे पिवळे. मामी म्हणाली कावीळ आहे, मुळीचं औषध देणाऱ्याकडं नेलं, त्यात आठ दिवस गेले आणि पोरगं अजूनच गळालं.

मग दवाखाना. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी हजाराच्या पुढं, पण हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. डॉक्टरांनी विचारलं दारू? नाही. गोळ्या, काढे? नाही. आणि तो खोटं बोलत नव्हता हो.

रात्री त्याच्याजवळ बसले होते तेव्हा गप्पा मारता मारता म्हणाला, तिकडं सुट्टी झाली की सगळ्यांबरोबर चात चघळत बसायचो, तास तास, झोप येत नाही, भूक लागत नाही. मी म्हटलं अरे मग डॉक्टरांना सांगितलं का नाही? तर म्हणे, "पाला आहे की ताई तो, आपल्या पानासारखा."

हा पाला म्हणजे येमेनमधला कात (आपल्या विड्यातला कात नव्हे), केनियातला मिरा. नावं वेगळी, झाड एकच. कोवळ्या पानात कॅथिनोन असतं, अँफेटामिन या उत्तेजक नशेच्या जातीचं, पान वाळलं की ते कमी होतं म्हणून ताजंच चघळतात. ब्रिटननं 2014 मध्ये बंदी घातली, इथिओपियात मात्र बाजारात उघड मिळतं. लंडनमधल्या सोमाली तरुणांमध्ये डॉक्टरांना असेच लिव्हरचे पेशंट सापडले होते, रिपोर्ट बघून वाटावं शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटलंय. काहींचं पार ट्रान्सप्लांटपर्यंत गेलं.

सकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते लगेच मोबाईलवर वाचायला लागले, मग म्हणाले पहिलं हे बंद. दीड महिन्यात एसजीपीटी ऐंशीवर आलं.

परवा मला विचारतो, परत गेल्यावर फक्त रविवारी चघळलं तर? माझ्या पोटात गोळाच आला. सोडलं की बरं होतं आणि परत चालू केलं की परत कावीळ, असे पेशंट नोंदलेत, ते सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. गप्प बसला. मग त्यानंच तिथल्या आपल्या चार पोरांच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, करून घ्या रे, आणि डॉक्टरला पाल्याचं पण सांगा.