पॅटनचा चेहरा

१४ जून, रात्री साडेअकरा

आज मुद्दाम चार्ली पॅटन लावला, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा जुना गायक. १९२९ साली याच तारखेला तो इंडियानातल्या रिचमंड गावी पॅरामाउंट कंपनीसाठी गायला बसला आणि एका दिवसात चौदा गाणी देऊन आला. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यांवर वाढलेला माणूस. आवाज इतका जाडाभरडा की निम्मे शब्द कळत नाहीत, आणि गाता गाताच गिटारच्या लाकडावर थाप मारतो. पॅरामाउंट म्हणजे खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याचा जोडधंदा. तबकड्यांचा माल हलका, आणि त्यांचे मूळ धातूचे साचे पुढे भंगारात गेले. म्हणून आज पॅटन ऐकायचा तो कुणाच्या तरी घरी झिजलेल्या तबकडीतूनच. आजीकडच्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांत अशीच खरखर असायची. ती मला कधीच खुपली नाही.

ऐकताना समोर अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार रॉबर्ट क्रंबचे पत्ते पसरले होते. 'हीरोज ऑफ द ब्लूज', १९८० साली याझू रेकॉर्ड्सने काढलेला छत्तीस पत्त्यांचा संच. पुढे चित्र, मागे त्या कलाकाराची थोडक्यात ओळख. क्रंब स्वतः बँजो आणि मँडोलिन वाजवणारा. सत्तरच्या दशकात 'चीप सूट सेरेनेडर्स' या आपल्या बँडबरोबर त्याने जुन्या वळणाचं संगीत रेकॉर्डही केलं. तबकड्यांचा नाद एवढा, की चित्राचा मोबदला म्हणून तो कित्येकदा जुन्या तबकड्याच मागून घ्यायचा. या पत्त्यांतली नजर मला बाहेरच्या चित्रकाराची वाटत नाही, ती त्या सुरांत बोटं घातलेल्या माणसाची वाटते.

त्याच्या साठच्या दशकातल्या कॉमिक्समध्ये कृष्णवर्णीयांची जी विद्रूप चित्रं आहेत, ती मला बघवत नाहीत. प्रेमापोटी त्यांच्यावर पांघरूण घालायची माझी तयारी नाही. पण म्हणूनच या पत्त्यांपाशी मी जास्त थांबते. इथे त्याने कुणाचेही ओठ फुगवले नाहीत, कुणाला हसवलं नाही. सुटाच्या सुरकुत्या, कडक कॉलर, कॅमेऱ्यासमोर जरा ताठरलेली मान, सगळं जसंच्या तसं. मोजके रसिक सोडले तर ज्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती, त्यांच्यावरही प्रसिद्ध माणसांइतकीच मेहनत. ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्ट १९२८ साली तबकड्यांसाठी गाऊन गावी परतला आणि पस्तीस वर्षं शेतात राबला. १९६३ मध्ये लोक त्याला शोधत अॅव्हलॉनला पोचले. त्याला निदान तेवढं तरी मिळालं. पॅटन १९३४ मध्येच गेला आणि हॉली रिजच्या त्याच्या थडग्यावर चांगला दगड बसायला १९९० उजाडलं.

आज पहिल्यांदाच टाक आणि शाई घेऊन पॅटनचा चेहरा काढायला बसले. डोळ्यांखालची सावली क्रंब बारीक रेघांवर आडव्या रेघा टाकून आणतो. दिसायला सोपं. माझ्या चौथ्या-पाचव्या रेघेला शाई पसरली आणि डोळ्याचा काळा डाग झाला. दुसऱ्या कागदावर हात सावकाश चालवला. एका गालाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तबकडीच्या तीन बाजू वाजून झाल्या, एकेक बाजू तीन मिनिटांची. इतका वेळ मी त्या चेहऱ्याकडे आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तोंड मिटलेलं आहे, पण ओठ घट्ट आवळलेले नाहीत. माझ्या चित्रात ते रागीट झालेत. तिथे रेघ कमी हवी होती.

क्रंबने पत्ते काढले तेव्हा पॅटनचा नुसता चेहऱ्याचाच फोटो ठाऊक होता, बो-टायपर्यंतचा. १९८५ मध्ये त्याने पॅटनचं आख्खं आयुष्य कॉमिकमधून मांडलं, तेही तेवढ्यावरच. पूर्ण फोटो उजेडात आला २००२ च्या सुमारास. त्यात पॅटन खुर्चीत बसलाय, गिटार मांडीवर आडवी, आणि डावा हात वरून गिटारच्या दांडीवर ठेवलेला. आपण धरतो तसा खालून नाही.

तो हात मघापासून डोळ्यांसमोरून हलत नाहीये. उद्या सकाळी उजेडात आधी बोटं काढायची, चेहरा नंतर.