माणसांची छावणी

माझं गाव म्हसवडजवळ. आमच्या माणात छावणी म्हटलं की एकच, चारा छावणी. त्यामुळे केनियात छावणीतल्या बोअरचे पंप सांभाळायला चाललोय म्हटल्यावर आईनं विचारलं, "जनावरं किती हायती?"

जनावरं नाहीत, माणसं आहेत. काकुमा आणि शेजारची कलोबेयेई वसाहत मिळून तीन लाखांच्या आसपास. उलट जनावरं पाळायला तिथं निर्वासितांना मनाई आहे, कारण रान तुर्काना लोकांचं. शेळ्या-उंटांमागं हिंडणारी माणसं, आमच्या मेंढक्यांसारखीच अंगानं काटक आणि बोलायला तुसडी.

१९९२ मध्ये सुदानच्या युद्धातून पळालेली पोरं मैलोन्‌मैल चालत इथं आली. मग सोमाली, इथिओपियन, काँगोचे. सुरुवातीला मला त्यांचंच वाईट वाटायचं. परवान्याशिवाय छावणीबाहेर जाता येत नाही, हातात पाळीचं रेशन. पण छावणीबाहेरच्या तुर्कानांकडं बघायला लागलो आणि हिशेब फिरला. ताराच नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. तुर्काना बायका तिच्या वाळूत झिरा खणून वाटी-वाटीनं पाणी भरतात. माझी आजी माणगंगेत हेच करायची. आणि छावणीत मी चालू केलेल्या पंपाचं पाणी नळाला. पाहुण्याच्या घरी नळ, यजमानाच्या घरी झिरा. छावणीतला दवाखाना, शाळाही आधी पाहुण्यांसाठी आल्या. भांडणं होणारच.

तरी छावणी उठावी असं तिथल्या माणसांपैकी कुणी मला म्हणालं नाही. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०१८ च्या अहवालात छावणी आणि काकुमा गावाची वर्षाची बाजारपेठ ५.६ कोटी डॉलरची धरलीय, दुकानं दोन हजारांवर. मोठी दुकानं मात्र सोमाली आणि इथिओपियन व्यापाऱ्यांची. तुर्काना बाईच्या वाट्याला डोक्यावरची मोळी.

ही मोळी वेड्या बाभळीची. (हो, आपलीच. तिथं तिला मथेंगे म्हणतात, आणि शिव्याही आपल्यासारख्याच घालतात.) निर्वासित स्वतः लाकूड तोडायला रानात गेले तर मारामारी ठरलेली. म्हणून बायका मोळी, कोळसा घेऊन छावणीत येतात आणि पैसे नसले तर मका नाही तर ज्वारी घेऊन जातात. माझ्या पंपाजवळून रोज जाणाऱ्या एका आज्जीच्या घरची चूल अशी निर्वासितांच्या रेशनावर पेटायची.

२०२५ मध्ये मदतीचा पैसा आटला आणि रेशन कापलं. छावणीत आरडाओरडा झाला, त्याच्या बातम्या झाल्या. आज्जीची बातमी कुठं आली नाही. शिजवायलाच नाही तर सरपण कोण घेणार? दुपारी ती तीच मोळी घेऊन परत जाताना दिसायची. जाताना डोक्यावरचं ओझं सारखं करायला माझ्या पंपाच्या ओट्याला टेकायची. पाणी दिलं तर प्यायची, पण भांडं भरून न्यायला मला देता यायचं नाही, नियम होता. मी तो दोनदा मोडला.

फोनवर आईला हे सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपली छावणी पाऊस पडल्यावर उठली. ती कवा उठायची?"

म्हटलं, उठत नाही आता. त्याच वर्षी काकुमाला नगरपालिकेचा दर्जा दिलाय.

"बरं झालं की. मग त्या म्हातारीच्या दारात नळ आला का?"