वहीला पडलेली भोकं

सातवीतला मुलगा, वर्गशिक्षिकेने पाठवलेला, चिठ्ठीत "लिखाण फार स्लो, पेपर पूर्ण होत नाही, एलडी आहे का बघावे". मीपण तेच, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण), धरून टेस्टचं सामान काढून ठेवलेलं, मग त्याची मराठीची वही उघडली. अक्षर मोत्यासारखं, पण पानापानावर शब्द खोडून खोडून परत लिहिलेले, दोन ठिकाणी तर कागदाला आरपार भोक. एलडीच्या मुलांच्या वह्या मी रोज बघते, हे त्यातलं नव्हतं.

आईला बाहेर बाकावर बसवलं. हे मी ठरवून करते, कारण मनात येणारं भयंकर असं काही असेल तर ते मुलं आईसमोर बोलतच नाहीत. मग स्क्रीनिंगचे नेहमीचे प्रश्न, हात खूप धुतोस का, परत परत चेक करतोस का, वस्तू ठरावीक जागीच लागतात का... सगळ्याला नाही. (इथेच थांबलो तर मूल हातातून सुटतं, ओसीडी हा नको ते विचार आणि त्यापायी परत परत केलेल्या कृतींचा आजार, पण तो म्हणजे हात धुणं एवढंच डोक्यात बसलंय सगळ्यांच्या.) "नको असलेला विचार सारखा येतो का?" यावर गप्प, खोडरबर नखाने कुरतडत बसला. मी म्हटलं, काही मुलांना वाटतं आपल्यामुळे आईबाबांना काहीतरी होईल, तुला येतं का असं?

"मॅडम, हे बाकीच्यांनापण होतं?"

लिहिताना आई मेल्याचं चित्र डोळ्यासमोर आलं की तो शब्द खोडायचा आणि चांगला विचार मनात धरून परत लिहायचा, नाहीतर ते खरं होईल. दोन वर्षं एकट्याने सोसत होतं पोरगं.

आई म्हणाली, रोज झोपताना "तू बरी आहेस ना" विचारतो, सात वेळा हो म्हटल्याशिवाय झोपत नाही, मला वाटलं लाडाने विचारतो. पोटात कालवलं माझ्या. तिच्या त्या मायेच्या "हो"नेच भीतीला खतपाणी मिळत होतं आणि तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

नंतर सविस्तर सीवाय-बॉक्स केली, म्हणजे मुलांमधली ओसीडी किती तीव्र ते मोजायची चाचणी, 40 पैकी 26, म्हणजे सिव्हिअरच. सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं, आणि आमच्याकडे ईआरपी ही थेरपी सुरू केली, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण ती कृती करायची नाही. पहिला होमवर्क एवढाच, रोज एक शब्द, चित्र आलं तरी खोडायचा नाही.

पुढच्या गुरुवारी वही उघडून त्याने "आकाश"वर बोट ठेवलं, "हा नाही खोडला." आणि मान वळवून बाकावरच्या आईकडे बघून घेतलं.