सिटी व्हीटेक अपडेट: रॅम एअरचं भूत निम्मं उतरलं

मंडळी, आकडे आले, आणि इंजिनला जास्त हवा देणाऱ्या किटांची यादी उलटीपालटी झाली. (रॅम एअर म्हणजे गाडीच्या वेगानं समोरून येणारी हवा इंजिनात दाबून भरणं.) मागच्या अपडेटमध्ये बंद कार्बन डब्याचं किट पहिल्या नंबरावर होतं, बॉनेट स्कूप, म्हणजे बॉनेटवर उघडणारं हवेचं तोंड, दुसऱ्या आणि डब्याशिवायचा उघडा कोन फिल्टर नुसत्या आवाजासाठी तिसऱ्या. आज स्कूप साफ बाद आहे, कार्बन डबा लटकलाय, आणि कंपनीचा एअर फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा, जो मी भंगारात घालणार होतो, तो पुन्हा गाडीत बसलाय.

गाडी तीच, २००२ ची होंडा सिटी, ओएचसी व्हीटेक इंजिन, १०६ बीएचपी. टर्बो नाही, हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर नाही, सगळा कारभार हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर. टर्बोवाल्यांनी माझे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत.

आधी एचपीच्या थापेबद्दल. एका किट विक्रेत्यानं फोनवर छातीठोक सांगितलं, "साहेब, पक्के १२ ते १५ एचपी." कुठल्या स्पीडला, असं विचारलं तर म्हणे, "फील येतो ना." आता फीलचा हिशेब करू. समोरून येणाऱ्या हवेचा दाब स्पीडच्या वर्गानं वाढतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, हवा थोडी पातळ. पहाटेच्या हवेत १०० च्या स्पीडला हा दाब भरतो जेमतेम ४४ मिलिमीटर पाणी, म्हणजे नळीतलं पाणी तेवढं वर ढकलेल इतका. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. ५० ला त्याचा चौथा हिस्सा. १६० ला कुठं एक टक्क्याच्या वर जातो, म्हणजे १०६ बीएचपीवर एखादा बीएचपी, तोही वाटेत काहीच वाया गेलं नाही तर. कावासाकीनं १९९० मध्ये झेडएक्स-११ ला रॅम एअर दिला तो उगाच नाही, ती बाइक २७० च्या पुढं जाते आणि तिथं तीन टक्के हाताला लागतात. अक्कलकोट रोडवर मी २७० ला कशाला मरायला जातोय?

तरी मोजल्याशिवाय चैन पडेना. मोजायला लागलं काय, तर मेडिकलमधून सलाईनची नळी, एका फळीवर यू आकारात ठोकलेली, मध्ये पट्टी, आत निळी शाई टाकलेलं पाणी. एक टोक जिथला दाब हवा तिथं, दुसरं केबिनमध्ये मोकळं. काचा बंदच हव्यात. भाच्यानं मध्येच काच खाली केली तर पाणी सेंटीमीटरभर सरकलं.

बंपरमध्ये फॉग लॅम्पची जागा आहे, जिथं माझ्या गाडीला नुसतं झाकण आहे, तिथं १०० ला ३९ मिलिमीटर आले. थिअरीच्या इतकं जवळ काहीतरी जुळलं की बरं वाटतं राव. ग्रिलमागं, रेडिएटरच्या बाजूच्या फटीत ३१. आणि बॉनेटच्या पुढच्या भागात, जिथं त्या किटवाल्याचा स्कूप बसणार होता, तिथं पाणी उलट्या बाजूला गेलं! हवा तिथं आत ढकलली जात नाही, वर खेचली जाते. काचेच्या बुडाशी मात्र पुन्हा थोडा दाब मिळाला. १९६९ च्या शेवरले कमॅरोच्या काउल इंडक्शन बॉनेटचं तोंड मागं, काचेकडं का असतं, ते फळीवर डोळ्यांनी दिसलं. स्कूप बाद. शिवाय गाडी रिपासिंगला काढायची तेव्हा कापलेलं बॉनेट कोणाकोणाला समजावत बसू?

आता खरी डोकेदुखी. समोरून मिळणारे ३९ मिलिमीटर खरे, पण फुल थ्रॉटलला इंजिन स्वतः किती खेचतं? तोच आकडा हाती येईना. दुसऱ्या गिअरला ६००० आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला, आणि नळीतलं पाणी थुईथुई. "मामा, पाणी नाचतंय, वाचू काय?" मोबाईलवर शूट करून फ्रेम थांबवून बघितलं, तर दर फ्रेमला आकडा वेगळा. कधी १५०, कधी ३२०. जाड नळी लावली, पाणी जास्तच नाचलं. मध्ये रिकामी बाटली जोडली, नाच कमी झाला पण आकडा स्थिर होईपर्यंत इंजिन आरपीएमच्या लिमिटरला पोचायचं. आठवडे यातच गेले.

उत्तर नळीसोबतच आलं होतं. सलाईनच्या नळीवर थेंब कमी-जास्त करायची चाकाची क्लिप असते ना, ती. पाऊण आवळली की इंजिनचे ठोके तिथंच मरतात आणि पाणी सरळ चढून थांबतं. जास्त आवळली तर पाणी उशिरा चढतं, म्हणून चाक केसभर केसभर फिरवत जागा शोधायची. ज्यांना करून बघायचंय त्यांनी नळीच्या दोन्ही भुजा निदान अर्धा मीटर उंच ठेवा, नाहीतर शाई इंजिनच्या पोटात.

मग आकडे असे बसले: थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, आधी एकूण २४० मिलिमीटरची ओढ. फिल्टरच्या लगेच पुढं, इंजिनच्या बाजूला, १९०. फिल्टरच्या आधी, डब्याच्या धुळीच्या बाजूला, १६०. म्हणजे फिल्टर खातो फक्त ३०! आपण सगळे ज्याच्यावर भांडतो, के अँड एन की बीएमसी कंपनीचा, कॉटन की फोम, तो या गाडीत किरकोळ आहे. खरी अडवणूक फेंडरकडं जाणाऱ्या त्या चिमुकल्या स्नॉर्कलची, म्हणजे डब्याच्या हवा ओढणाऱ्या नळीची, २४० पैकी १६०.

स्नॉर्कल काढून टाकलं. ओढ ९० वर आली, आवाज असा की भाचा हसायलाच लागला. आणि दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला मल्टिमीटरची तापमान मोजणारी के-टाइप वायर डब्यात ठेवून बघितली, तर बाहेर ४१ आणि डब्यात ६८. स्नॉर्कल असताना ती ५० च्या आसपास असायची. १८ अंश म्हणजे हवेची घनता पाच टक्क्यांहून जास्त पडली. दाबात कमावलं त्याच्या तिप्पट उष्णतेत घालवलं. उघड्या कोन फिल्टरचं हेच होणार, किट कितीही चकचकीत असो. ॲल्युमिनियमचा पाइप गरम होतो म्हणून कार्बनचा घ्या, असंही सांगतात. ६००० ला हे इंजिन सेकंदाला साधारण ७५ लिटर हवा ओढतं, ७० मिलिमीटर पाइपात ती सेकंदाला वीसेक मीटर धावते. अर्ध्या मीटरच्या पाइपात तापायला तिला वेळ आहे कुठं? कुठून ओढताय ते बघा, कशातून ते नंतर.

त्याच हिशेबानं तोंडाचं मापही निघतं. १०० च्या स्पीडला ७५ लिटरसाठी २७ चौरस सेंटीमीटर पुरे. कार्बन किटसोबत येणारं फावड्याएवढं तोंड निव्वळ शोभेचं.

तर बेत असा: कंपनीचा डबा, आत कागदी फिल्टरच, आणि फॉग लॅम्पच्या जागेतून नवी वाट. कागदीच का, तर आमच्याकडची धूळ. घर यंत्रमागांच्या वस्तीला लागून आहे, फिल्टर काढला की वरच्या घड्यांवर सुताच्या तंतूंचा करडा थर निघतो, हातानं सोलता येईल असा. तेल लावलेल्या कॉटनवर तो चिकटून बसतो आणि धुताना जीव जातो. शिवाय नुसत्या ३० मिलिमीटरसाठी बारीक धूळ आत सोडायला मी तयार नाही. के अँड एन वाईट नाही, हायवेच्या गाडीला घाला खुशाल.

पाइपसाठी शेतीच्या दुकानातला ७५ मिलिमीटर पीव्हीसी चालला असता, बंपरमध्ये तो थंड राहतो. पण इंजिनजवळ मऊ पडेल. तिथं ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची रबरी बेंड घेतली, मापात चपखल. ऑनलाइन सिलिकॉनची बेंड बघा आणि ही बघा, किमतीचं नावच नको. विजापूर वेशीकडच्या रेडिएटरवाल्या चाचांना गाडी दाखवली, ते म्हणाले, "फॅनची गरम हवा डब्यावरच येतीय की ओ, मधी पत्रा मारू." पत्रा मारला. नुसत्या पत्र्यानं सिग्नलला, जुन्या स्नॉर्कलसकट, ५० चे ४६ झाले. इथवरच्या खर्चात सगळ्यात स्वस्त चार अंश.

एक भीती उरते, पाणी. फॉग लॅम्पची जागा खाली आहे, आणि पावसाळ्यात रेल्वे पुलाखाली काय साचतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. इंजिननं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टनं आतले दोन हेडलाइट काढून तिथं जाळ्या लावल्या होत्या. उंची मस्त, पण ती ड्रॅगची गाडी, आपल्याला रात्री घरी यायचंय.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: ग्रिलमागची फट ३१ देते, फॉगपेक्षा फक्त ८ मिलिमीटर कमी, आणि ती हेडलाइटच्या उंचीला आहे. ८ मिलिमीटरसाठी इंजिन पणाला कशाला लावायचं? बेंड उलटी फिरवली तर तीच पोचेल बहुतेक. अडचण एकच, हॉर्न मध्ये येतो. हॉर्न हलवतो. तसं झालं तर पीव्हीसी पाइप लागतच नाही, आणि फॉगच्या झाकणाला कापही नाही.

रेझोनेटरचा, म्हणजे हवेच्या वाटेतला आवाज दाबणारा, डबा मात्र ठेवावा की काढावा ते ठरत नाहीये. काढला तर आवाज, ठेवला तर तीन-चार हजार आरपीएममधली गाडीची ताकद. कोणी व्हीटेकवर दोन्ही करून बघितलं असेल तर आरपीएमसकट सांगा, फीलसकट नको. रविवारी पहाटे हॉर्न हलवून पुन्हा फळी लावतो.