पोलंड १९८९: खोडण्याचं मतदान

पोलंडमधल्या सत्तांतराचं मर्म मतपत्रिकेत आहे. कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना यांच्यातल्या एप्रिलमधल्या गोलमेज करारानं सेयम या कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी २९९ सत्ताधारी आघाडीसाठी राखून ठेवल्या, १६१ खुल्या केल्या. १०० जागांचं सिनेट मात्र पूर्ण खुलं.

मत द्यायची पद्धत उलटी होती: नको असलेली नावं खोडायची, उरेल त्याला मत. सरकारनं ३५ बड्या नेत्यांची बिनविरोध राष्ट्रीय यादी केली, पण निवडून यायला निम्म्याहून जास्त मतांची अट ठेवली. तिथंच घात झाला. ४ जूनला लोकांनी यादीच्या यादी खोडली. ३३ जण पडले! रिकाम्या जागांचं काय, याची कायद्यात तरतूदच नव्हती. दुसऱ्या फेरीआधी घाईनं नियम बदलावा लागला. सॉलिडॅरिटीनं हे मान्य केलं. माझ्या मते ते शहाणपणाचं होतं, करार मोडला असता तर सगळंच धोक्यात आलं असतं.

१८ जूनच्या दुसऱ्या फेरीनंतर सॉलिडॅरिटीकडे सेयममधल्या खुल्या १६१ पैकी १६१ आणि सिनेटच्या ९९ जागा होत्या. तरीही सेयममध्ये बहुमत नव्हतं. ते मिळालं कम्युनिस्टांच्या दोन जुन्या मित्रपक्षांमुळे: शेतकरी पक्षाच्या ७६ आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या २७ जागा धरून बेरीज २६४. २४ ऑगस्टला सॉलिडॅरिटीचे ताडेऊश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले.