युनिटमागे किती कार्बन?

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीची वीजबिलं माझ्याकडे असतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. सगळे युनिट मी एक्सेलमध्ये भरते आणि पुढच्या रकान्यात ०.७ ने गुणते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यात, एका युनिटमागे साधारण तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १००० युनिटचे ७०० किलो!

पण ही सरासरी झाली, आणि माझा जीव तिथेच अडकतो. दुपारी ग्रिडमध्ये सौरवीज भरपूर असते. रात्री घरोघरी एसी लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि मुख्य भार कोळशावर येतो. (भिरा-खोपोलीच्या जलविद्युत केंद्रांचं पाणी मदतीला धावतं, पण पुरं पडत नाही.) म्हणून आता तासावार रकाने केलेत. टाकीचा पंप रात्रीऐवजी दुपारी लावला तर युनिट तेवढेच, कार्बन मात्र कमी. वॉचमनकाकांनी टायमर लगेच बदलून दिला.

अख्ख्या देशाच्या कार्बनचं गणित जपानचे ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी मांडलंय: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागची ऊर्जा आणि ऊर्जेमागचा कार्बन, या चौघांचा गुणाकार. गरीब देशाला उत्पन्न कमी करा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. हात घालायचा तो शेवटच्या दोघांवर. पुढच्या सभेत गच्चीवरच्या सोलरचा विषय मी मांडणार आहे.