बोका, बजरीगर आणि बुटांचा खोका

मंगळवार

पहाटे मागच्या अंगणातल्या आमच्या पक्ष्यांच्या मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात पंखांची फडफड आणि जाळीवर काहीतरी धडाधड आदळल्याचा आवाज. टॉर्च घेऊन धावलो तर बोका जाळीला चारी पायांनी लटकलेला. तोच, करड्या पट्ट्यांचा, कान फाटलेला. आम्हाला पाहून उतरला, तेही सावकाश, आणि कुंपणावरून शेजारच्या अंगणात गेला.

जाळी शाबूत, कडी जागेवर, तरी आत रक्त. पक्षी न पाळणाऱ्यांना हे पटत नाही, पण मांजराला आत शिरावंच लागत नाही. अंधारात दचकलेला बजरीगर, म्हणजे हा छोटासा पोपट, दिशा न बघता उडतो आणि समोर येईल त्या जाळीला चिकटून बसतो. बाहेरून नख्या घातल्या की झालं. आमचं घर ठाण्यात उपवनजवळ, येऊरच्या पायथ्याशी, त्यामुळे इथे दिवसा शिक्रा आणि रात्री घुशी. त्यांच्यासाठी वर पत्रा, खाली कोबा, चौफेर अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आहे. अर्ध्या इंचातून घूस येत नाही. मांजराची नखं येतात.

निळ्या नावाच्या बजरीगराचा डावा पंख लोंबत होता. कॉकटेल (तुरेवाला छोटा पोपट) नराच्या शेपटीतलं नवं पीस मुळाजवळ मोडलेलं आणि त्यातून थेंब थेंब रक्त. वाढत्या पिसात रक्तवाहिनी असते, ते मोडलं की नळ सोडल्यासारखं वाहतं. कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरली, थांबलं. बजरीगराचं वजन ३०-३५ ग्रॅम आणि रक्त वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे पोह्याचा चमचाही भरणार नाही. जमिनीवरचे डाग बघून ‘थोडंसंच आहे’ म्हणायची सोय नसते.

पिवळी कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. तिला ओरखडासुद्धा दिसत नव्हता.

मग घरात प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. सासूबाई हळदीची वाटी घेऊन आल्या. लेक ड्रॉपरमध्ये साखरपाणी भरून तयार. नवरा जखम दिसावी म्हणून टॉर्च थेट निळ्याच्या डोळ्यांवर धरून. तिघांनाही बाहेर काढलं. चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. आणि पक्ष्याला श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. माणूस प्रेमाने मुठीत घट्ट धरतो आणि तो गुदमरतो. मी मान दोन बोटांत सैल धरली, छाती मोकळी ठेवली, आणि एकेकाला खोक्यात घातलं.

बुटांचे खोके, झाकणाला भोकं, आत जुनी सुती ओढणी. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. पक्ष्याच्या अंगात ४० ते ४२ अंश उष्णता असते आणि धक्का बसला की ती झपाट्याने उतरते, तेव्हा ऊब पहिली. पूर्वी चाळीसचा बल्ब लटकवला की काम व्हायचं. आता घरभर एलईडी, उजेड भरपूर आणि ऊब शून्य. शेवटी सासूबाईंची गुडघ्यांना शेकायची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल.

नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. ते कुत्र्या-मांजरांचे. म्हणाले, एवढ्याशा पक्ष्याला काय करणार, उद्यापर्यंत जगला तर बघू. याला सल्ला म्हणत असतील तर म्हणोत. नौपाड्यातले दुसरे डॉक्टर पक्षी बघतात असं कळलं. मांडीवर तिन्ही खोके घेऊन रिक्षात बसले. कॅडबरी जंक्शनच्या सिग्नलला नेहमीप्रमाणे अडकलो, मागून हॉर्न. रिक्षावाल्याने मागे वळून खोक्यांकडे पाहिलं आणि न सांगता गाणी बंद केली.

डॉक्टरांनी ओल्या कापसाने निळ्याच्या पंखाखालची पिसं बाजूला केली आणि मला भिंग दिलं. मोहरीच्या दाण्याहून लहान, काळपट टिंब. त्याच्याभोवती कातडी किंचित निळसर. बस्स, एवढीच जखम. बाकीचं रक्त कॉकटेलच्या मोडक्या पिसाचं. म्हणाले, मला भीती या टिंबाचीच आहे. मांजराच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, ते सतत पंजे चाटतं म्हणून नखांवरही. छिद्र वरून मिटतं आणि आत रक्तात विष पसरतं. एक-दोन दिवसांत खेळ खलास. म्हणून मांजराचा नुसता संशय असला तरी जखम दिसायची वाट न बघता अँटिबायोटिक. तिघांनाही सुरू केलं. पंखाचं हाड शाबूत होतं, सांधा मुरगळलेला. तो अंगाशी हलकेच बांधून दिला. दुखण्याचं औषध वजन करून, थेंबाच्या हिशेबात. माणसांची गोळी चुरून देऊ नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. हळद नको, तेलकट मलमही नको: पिसं चिकटली की ऊब धरत नाहीत. सासूबाईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवायला हवं होतं.

पिवळीकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले. शेपटी प्रत्येक श्वासाला खालीवर होत होती. म्हणाले, हिचं सांगता येत नाही.

बुधवार

पिवळी रात्रीत गेली. अंगावर एकही खूण नाही. लेकीने तिला मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं, माती खोल आहे ना हे स्वतः बघितलं.

शेजारच्या काकू आल्या. बोक्याला दूध-भात त्याच घालतात. हळहळल्या, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीही होतं. मग म्हणाल्या, “जाऊ दे गं, माझ्या भावाच्या ओळखीचा एक जण आहे, छान बोलणारा पोपट आणून देईन.” त्यांना सांगितलं की आपला हिरवा पोपट पाळणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे; बजरीगर आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियातले, म्हणून चालतात. काकूंना हा अन्याय वाटला. “म्हणजे परदेशी चालतात आणि आपला नाही?” उत्तर द्यायची ताकद नव्हती, चहा टाकला.

शुक्रवार

शुश्रूषेचं वेळापत्रक असं: सकाळी वजन, औषध, ओढणी बदलणे, आणि मग संध्याकाळच्या औषधापर्यंत झाकण न उघडणे. शेवटचं कलम सगळ्यात जड. लेक शाळेतून आली की खोक्यापाशी बसते आणि विचारते, “नुसतं बघू?” नुसतं बघणं म्हणजे त्याच्या दृष्टीने वरून आलेला मोठा चेहरा. नको म्हटलं. आपल्याकडे आजारी माणसाच्या उशाशी माणसं बसतात, कपाळावर हात ठेवतात. न शिवता, न बघता काळजी घ्यायची सवयच नाही. मलाही नाही. दर तासाला काहीतरी कारण काढून त्या खोलीत जाते.

निळ्याचं वजन पोहे मोजायच्या डिजिटल काट्यावर. काल ३१, आज ३०. डॉक्टरांनी सांगितलंय, दहावा हिस्सा उतरला तर थेट घेऊन या. विष्ठाही बघायची: नुसती हिरवी आणि पाणचट असेल तर पोटात दाणा नाही. काल तशीच होती.

आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि खोक्यातून कट्, कट् आवाज आला. राळ्याचं कणीस ठेवलं होतं त्याची टरफलं सोलण्याचा. घडी तशीच हातात धरून उभी राहिले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, “जेवतोय ना?” आणि लगेच गेल्या, आत डोकावल्या नाहीत.

रविवार

बाकीची सगळी मंडळी आता हॉलमध्ये, उसन्या पिंजऱ्यांत. सासूबाईंच्या मालिकेला सामूहिक पार्श्वसंगीत आहे. त्या आवाज वाढवतात, हे आणखी वाढवतात. रात्री झिरोचा दिवा ठेवावा लागतो. कॉकटेल आधीच रात्रीच्या खुट्ट आवाजाला बिचकणारी जात, आता भांडं पडलं तरी पंख आपटून घेतात. पूर्ण अंधार नसला की निदान पुन्हा दांडीवर बसायला दिसतं.

सोसायटीच्या एका सदस्याने तोडगा सुचवला: बोक्याला पोत्यात घालून येऊरला सोडून या. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथल्या बिबट्याची सोय होईल किंवा तिथल्या रानपाखरांची वाट लागेल, दोन्हीपैकी काहीतरी नक्की. असं सोडून देणं कायद्यातही बसत नाही. त्याने जे केलं ते कुठलाही बोका करेल. माझा राग आहे, पण तो पोत्यात मावणारा नाही. काकूंशी बोलले तेव्हा त्या दूध-भाताची थाळी पुढच्या फाटकाशी ठेवायला तयार झाल्या, आणि बोक्याच्या नसबंदीचा खर्च अर्धा-अर्धा असं ठरलं.

वागळे इस्टेटमधला वेल्डर येऊन मापं घेऊन गेला. आहे त्या जाळीच्या आत तीन इंचांवर दुसरी जाळी, म्हणजे पंजा पोचणारच नाही. दाराला दुसरं दार, आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत पत्रा, पाठ टेकायला. नवी जाळी लावण्याआधी व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासायची आहे, कारण हे पक्षी दिवसभर तारा चावतात आणि तारांच्या मुलाम्याचं जस्त पोटात गेलं तर वेगळंच दुखणं. वेल्डरला याचं हसू आलं. “ताई, जाळीला लोणचं घालणार का?”

निळ्या ३२वर आलाय. औषध द्यायला हात घातला की बोट फोडतो, दोन बँडेज माझीच झाली. डॉक्टर म्हणतात चावतोय म्हणजे उत्तम, पंखाची पट्टी पुढच्या खेपेला काढू.

वेल्डर शनिवारी येतो म्हणालाय. कुठल्या शनिवारी, ते विचारलं तर म्हणाला, “येतो ना ताई.”